शाळेतील इंटरनेट : कोणती संकेतस्थळे बंद ठेवावीत आणि ते कोणी ठरवावे?

प्रत्येक शाळेला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. विद्यार्थ्यांना काय शिकवावे, हा पहिला प्रश्न. आणि त्यांच्यापासून काय दूर ठेवावे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात छापलेले असते. पालक ते वाचू शकतात, विद्वान त्यावर वाद घालू शकतात. दुसऱ्याचे उत्तर मात्र सहसा कोठेही लिहिलेले नसते. पूर्वी ते ग्रंथालयातील कुलूपबंद कपाटात असे. ते कपाट निदान दिसत तरी असे आणि किल्ली कोणाकडे आहे हेही सर्वांना ठाऊक असे. आज ते उत्तर संगणक कक्षाच्या भिंतीवरील एका लहानशा यंत्रात असते. विद्यार्थी एखादा शब्द शोधतो, पडद्यावर 'हे पान उपलब्ध नाही' असे उमटते आणि विषय तेथेच संपतो. कोणी बंद केले, का बंद केले, हे त्याला कळत नाही. अनेकदा शिक्षकांनाही कळत नाही.

निवासी शाळेच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. दिवसाच्या शाळेतील मुलाला शाळेत एखादे पान उघडता आले नाही, तर सायंकाळी घरी भावाच्या मोबाइलवर ते उघडता येते. वसतिगृहातील मुलीला तशी दुसरी खिडकी नाही. यावल-चोपड्याच्या सातपुड्यातून किंवा साक्री-शिरपूरच्या पाड्यांवरून आलेल्या मुलांसाठी दहा-दहा महिने शाळेचे इंटरनेट हेच सारे इंटरनेट असते. शाळेने जे बंद केले ते त्यांच्यापुरते जगातून नाहीसे झाले. म्हणून संकेतस्थळे बंद करणे ही केवळ तांत्रिक बाब नाही. तो अभ्यासक्रमाचाच निर्णय आहे. आणि अभ्यासक्रमाप्रमाणेच तो विचारपूर्वक, लेखी स्वरूपात व सर्वांसमक्ष घेतला गेला पाहिजे, एवढेच प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

हे कुलूप चालते कसे?

शाळेत संकेतस्थळे रोखण्याच्या प्रामुख्याने तीन पद्धती आहेत. पहिली 'बंदीच्या यादी'ची. एखादी कंपनी जगभरातील संकेतस्थळांचे वर्गीकरण करते : जुगार, अश्लीलता, शस्त्रे, राजकारण, धर्म, आरोग्य, खेळ इत्यादी. शाळा त्यांपैकी काही वर्ग बंद करते, बाकी सारे खुले राहते. दुसरी 'परवानगीच्या यादी'ची. येथे सर्व काही बंद असते आणि निवडक संकेतस्थळेच उघडतात. तिसरी शब्दांवरून रोखण्याची. ठरावीक शब्द आढळला की शोध किंवा पान अडवले जाते.

पहिल्या पद्धतीत यादी कोण करते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जळगावच्या किंवा धुळ्याच्या मुलांना काय वाचता यावे, हे दूरच्या देशातील एखादी कंपनी ठरवत असते. यंत्र बसवणारा तंत्रज्ञ 'शिक्षणसंस्था' असा तयार पर्याय निवडतो आणि निघून जातो. शाळेला वाटते, आपण निर्णय घेतला. प्रत्यक्षात शाळेने दुसऱ्याचा निर्णय न वाचता स्वीकारलेला असतो.

या यंत्रांच्या मर्यादाही समजून घ्याव्यात. आज बहुतेक संकेतस्थळांशी होणारा व्यवहार जणू बंद पाकिटातून होतो. शाळेच्या यंत्राला पाकिटावरील पत्ता, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, दिसते. आतील नेमके पान सहसा दिसत नाही. त्यामुळे एक पान रोखायचे, तर बहुधा संपूर्ण संकेतस्थळच रोखावे लागते. युट्यूबचे उदाहरण घ्या. तेथे वेळ खाणाऱ्या हजारो चित्रफिती आहेत आणि तेथेच 'एनसीईआरटी'चे अधिकृत पाठही आहेत. शिवाय शब्दांवर चालणारे फिल्टर प्रामुख्याने इंग्रजीसाठी घडवलेले असतात. मराठीतील, त्यातही आपल्या अहिराणीतील शिवी त्यांना बहुधा ओळखता येत नाही. उलट शरीरशास्त्रातील निरुपद्रवी इंग्रजी शब्द मात्र ते तत्परतेने अडवतात.

अशी चूक केवळ शाळांकडूनच होते असे नाही. सप्टेंबर २००३ मध्ये आपल्या देशात याहू ग्रुप्सवरील केवळ एक गट रोखण्याचा आदेश निघाला. सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांनी सर्वच गट बंद करून टाकले. जुलै २००६ मध्ये मुंबईतील लोकल गाड्यांमधील बॉम्बस्फोटांनंतर मोजकी पाने रोखण्यास सांगण्यात आले, तेव्हा ब्लॉगस्पॉटवरील असंख्य लोकांचे निरुपद्रवी लेखनही काही दिवस दिसेनासे झाले. डिसेंबर २००८ मध्ये ब्रिटनमध्ये एका जुन्या संगीतसंचाच्या आवरणचित्रावरून विकिपीडियाचे एक पान रोखले गेले आणि त्याचा फटका तेथील असंख्य संपादकांना बसला. एक दार लावायला जावे आणि अख्खी गल्ली बंद व्हावी, असा हा प्रकार आहे.

काय बंद असलेच पाहिजे?

याचा अर्थ सर्व काही खुले सोडावे असा मुळीच नाही. बालकांच्या लैंगिक शोषणाचे साहित्य हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार गुन्हा आहे. त्यावर चर्चेची आवश्यकता नाही. अश्लील संकेतस्थळे, पैसे लावून खेळायचे खेळ, अमली पदार्थांची विक्री, आत्महत्येस प्रवृत्त करणारा मजकूर आणि फसवणुकीची संकेतस्थळे अल्पवयीन मुलांपासून दूर ठेवणे हे शाळेचे कर्तव्यच आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या शाळांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत फायरवॉल, फिल्टर व देखरेख यांची व्यवस्था करण्यास सांगितले आहे, तसेच वयोगटानुसार निवडलेली संकेतस्थळेच मुलांना पाहता यावीत, असेही सुचवले आहे. राज्य मंडळाच्या शाळांवर त्या सूचना बंधनकारक नसल्या, तरी त्यांमागील काळजी योग्यच आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे कलम १७ या संदर्भात मुळातून पाहण्याजोगे आहे. भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. घातक साहित्यापासून संरक्षण मिळणे आणि विविध स्रोतांतून माहिती मिळणे, हे दोन्ही हक्क त्या एकाच कलमात शेजारी शेजारी ठेवले आहेत. एकाच्या नावाखाली दुसरा गिळून टाकता येणार नाही, हा त्याचा अर्थ आहे.

येथे एक भेद करणे आवश्यक वाटते. काही संकेतस्थळे घातक असतात, तर काही केवळ वेळखाऊ असतात. क्रिकेटचा धावफलक, चित्रपटगीते, समाजमाध्यमे यांमुळे अभ्यासाचा खोळंबा होतो, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे. परंतु वेळेचा प्रश्न वेळापत्रकाने सोडवावा, बंदीने नव्हे. रविवारी दुपारी तासभर मुलांनी अहिराणी गाणी ऐकली, तर त्यात शाळेचे काही बिघडत नाही. घातक व वेळखाऊ या दोहोंना एकाच यादीत कोंबले की ती यादी मुलांच्या मनातून उतरते. मग खरोखरीच्या धोक्याची सूचनाही त्यांना शिक्षकांची आणखी एक कटकट वाटू लागते.

चूक नेमकी कोठे होते?

आठवीतील एखादी मुलगी विज्ञानाच्या तासानंतर पाळीतील वेदनांविषयी माहिती शोधते. ते पान 'शरीर' किंवा 'लैंगिकता' या वर्गात पडून बंद झालेले असते. तिला केवळ माहिती नाकारली जाते असे नाही. आपण काहीतरी लज्जास्पद शोधत होतो, असा धडाही तिला न शिकवता शिकवला जातो. आपल्यावर कोणी अत्याचार केला तर दाद कोठे मागावी, हे शोधणाऱ्या मुलालाही असाच अनुभव येऊ शकतो. तो शोध 'लैंगिक' शब्दामुळे अडला, तर जे संरक्षणासाठी उभारले तेच संरक्षणाच्या आड आले, असे म्हणावे लागेल.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या १९३७ च्या भेटीची स्मृती जागवली जाते. त्यानिमित्त भाषणाची तयारी करणारा विद्यार्थी 'जातिव्यवस्थेचे निर्मूलन' हा शब्द शोधतो असे समजू. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्या ग्रंथाची टिपांसह आवृत्ती विनामूल्य उपलब्ध आहे. परंतु शाळेने 'राजकारण' आणि 'धर्म' हे दोन वर्ग सरसकट बंद केले असतील, तर त्या विषयावरील लेखनाची किती दारे त्याच्यासाठी लागली असतील, हे कोण पाहणार? कोणी मुद्दाम बाबासाहेबांवर बंदी घालत नाही. एका चौकटीत केवळ एक खूण केली जाते.

वर्गीकरण तटस्थ असते, हा समज अमेरिकेतील एका खटल्याने खोटा ठरवला. मिसुरी राज्यातील कॅमडेन्टन येथील शाळांत वापरल्या जाणाऱ्या फिल्टरने समलिंगी व्यक्तींना आधार देणारी संकेतस्थळे 'लैंगिकता' या वर्गात टाकून बंद केली होती. त्याच विषयावर विरोधी मत मांडणारी संकेतस्थळे मात्र 'धर्म' या वर्गात असल्यामुळे खुली होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यायालयाने असा पक्षपाती फिल्टर वापरण्यास मनाई केली. वादाची एक बाजू बंद आणि दुसरी खुली, असा निर्णय त्या शाळांनी जाणीवपूर्वक घेतला असेल वा नसेल. मुलांच्या दृष्टीने परिणाम तोच होता.

आपला इतिहास काय सांगतो?

ज्ञानाची दारे लावण्याचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले व त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृतचा अभ्यास त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने केला. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाला, तेव्हा पैसे देऊ केले असतानाही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. या नकारांमध्ये एक साम्य आहे. ज्याला नाकारले, त्याचे म्हणणे ऐकून घेणारे कोणी नव्हते. दार का बंद आहे हे विचारण्याचा अधिकारच त्याला नव्हता.

दुसरा धडा अलीकडचा आहे आणि पन्नाशीतील माजी विद्यार्थ्यांना तो आठवत असेल. महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचा चौथा खंड प्रसिद्ध केला. त्यातील 'रिडल्स इन हिंदुइझम' या लेखनातील राम व कृष्ण यांच्यावरील परिशिष्टावरून वादळ उठले व ते वगळण्याची मागणी झाली. ते वगळू नये म्हणून फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. अखेर मजकूर कायम राहिला आणि त्यातील मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, या आशयाची टीप त्यास जोडण्यात आली. वादग्रस्त मजकुराविषयी 'बंद' आणि 'खुले' यांखेरीज तिसरा मार्गही असतो, हे त्यातून दिसते. तो म्हणजे संदर्भ देऊन वाचू देणे. वर्गात शिक्षक जे करतो ते हेच असते.

खान्देशच्या भूमीत त्याचे एक सुंदर उदाहरण आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक व छात्रालयाचे प्रमुख असताना साने गुरुजी विद्यार्थ्यांसाठी स्वहस्ते 'छात्रालय' दैनिक लिहीत असत. बाहेरचे जग मुलांपासून रोखून धरण्याऐवजी ते निवडून, समजावून त्यांच्यापुढे ठेवण्याचा तो प्रयत्न होता. फिल्टर विकत घेता येतो. असा शिक्षक विकत घेता येत नाही.

कायद्याची रीत

शासनालाही संकेतस्थळे रोखण्याचा अधिकार आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ मध्ये त्याची तरतूद असून २००९ च्या नियमांत त्याची पद्धत दिली आहे. त्यानुसार कारणे लेखी नोंदवावी लागतात, समितीने प्रकरण तपासावे लागते, संबंधितांना बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते आणि दिलेल्या आदेशांचा आढावा घेण्यासाठी पुनर्विलोकन समितीने दोन महिन्यांतून किमान एकदा बसावे लागते.

नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरील मजकुरावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. त्यातून पुढे आलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६ अ रद्द केले. कलम ६९ अ मात्र कायम ठेवले. कारण त्यात लेखी कारणांची व सुनावणीची हमी आहे. प्रत्यक्षात हे आदेश गोपनीय राहतात, अशी टीका होते आणि ती रास्त आहे. तरीही न्यायालयाने मान्य केलेले तत्त्व महत्त्वाचे आहे. रोखण्याचा अधिकार वैध ठरतो तो रोखण्याच्या रीतीमुळे.

वसतिगृहांच्या दृष्टीने आणखी एक निकाल लक्षणीय आहे. केरळमधील एका महाविद्यालयाच्या विद्यार्थिनीने वसतिगृहातील मोबाइलबंदीला हरकत घेतली, म्हणून तिला वसतिगृहातून काढण्यात आले. फहीमा शिरीन विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घेण्याचा आदेश दिला आणि इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. ती विद्यार्थिनी सज्ञान होती. आपली मुले अल्पवयीन आहेत. म्हणून तो निकाल जसाच्या तसा शाळेला लागू होत नाही. परंतु शिस्तीच्या नावाखाली काहीही चालते, या समजुतीला त्याने निश्चितच धक्का दिला आहे.

अमेरिकेत इंटरनेटसाठी शासकीय सवलत घेणाऱ्या शाळांना २००० च्या कायद्याने फिल्टर बसवणे बंधनकारक केले. मात्र इंटरनेट-सुरक्षेचे धोरण ठरवण्यापूर्वी पूर्वसूचना देऊन किमान एक जाहीर सभा घ्यावी लागते. तसेच अश्लीलतेपलीकडे मुलांसाठी काय अयोग्य आहे, हे स्थानिक शाळामंडळाने ठरवावे, असेही त्यात आहे. आपल्याकडे अशी सक्ती नाही, तरी पालकसभा आहेत. त्यांत गणवेश, सहल आणि निकाल यांच्या जोडीला हा विषय घेण्यास कोणाची आडकाठी नाही.

निर्णयाची पद्धत कशी असावी?

या विवेचनाच्या आधारे निवासी शाळांसाठी पुढील पद्धत सुचवावीशी वाटते.

१. निर्णय समितीने घ्यावा. तिच्यात मुख्याध्यापक, संगणक व विज्ञान शिक्षक, ग्रंथपाल, वसतिगृहाचे अधीक्षक, पालकांचे दोन प्रतिनिधी आणि नववी-दहावीचा एक विद्यार्थी व एक विद्यार्थिनी असावी. पालकांमध्ये एक आई असावीच. तंत्रज्ञाचे काम कुलूप बसवण्याचे आहे, ते कोठे लावायचे हे ठरवण्याचे नव्हे.

२. प्रत्येक बंदीचे कारण नोंदवहीत लिहावे. कोणते संकेतस्थळ वा कोणता वर्ग, कोणत्या तारखेस, कोणत्या कारणासाठी बंद केला, याच्या दोन ओळी पुरेत. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आपण जुनी दप्तरे पाहतो, तेव्हा जे नोंदले गेले तेच उरते, याची खात्री पटते. ज्या निर्णयाचे कारण दोन ओळींत लिहिता येत नाही, तो निर्णय घेऊ नये.

३. वयाप्रमाणे दार उघडत जावे. पाचवी ते सातवीसाठी परवानगीची यादी योग्य. आठवीपासून बंदीची यादी पुरेशी आहे. शिक्षकांना अध्यापनासाठी अधिक मोकळीक असावी. दहा वर्षांचे मूल आणि सोळा वर्षांचा तरुण यांना एकच कुलूप लावणे म्हणजे दोघांवरही अन्याय आहे.

४. काही संकेतस्थळे नेहमी खुली असावीत. आरोग्य व पाळीविषयीची विश्वसनीय माहिती, बालकांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक, भारताचे संविधान, शिष्यवृत्तीचे शासकीय पोर्टल, बालभारतीची पाठ्यपुस्तके, तसेच बाबासाहेब आणि फुले यांचे साहित्य यांचा त्यात समावेश असावा. वर्षातून दोनदा एखाद्या विद्यार्थ्याने प्रत्यक्ष संगणकावर बसून ती उघडतात का, हे पाहावे.

५. विद्यार्थ्याला दाद मागता यावी. 'हे पान का उघडत नाही?' असे विचारणारी चिठ्ठी टाकण्यासाठी एक पेटी असावी. नाव लिहिण्याची सक्ती नसावी. आठ दिवसांत फलकावर उत्तर मिळावे. उत्तर नकाराचे असले तरी चालेल, परंतु ते सकारण असावे.

६. बंदीला मुदत असावी. प्रत्येक सत्राच्या शेवटी नोंदवही उघडावी. ज्या नोंदीचे कारण उरले नाही ती खोडावी.

याला जोडून देखरेखीचा प्रश्न येतो. कोणत्या संगणकावरून काय शोधले गेले, याची नोंद ही यंत्रे ठेवू शकतात. ती कोण पाहतो? दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही ती दिसत असेल, तर मुलीने शोधलेला आजार उद्या वसतिगृहात चेष्टेचा विषय होईल. ही नोंद पाहण्याचा अधिकार दोनच व्यक्तींना असावा, त्यांत एक महिला असावी आणि नोंद पाहण्याचे कारणही त्याच नोंदवहीत लिहिले जावे.

कुलपापलीकडे

कितीही चांगली पद्धत केली, तरी ती शाळेच्या फाटकापर्यंतच चालते. दिवाळीच्या सुटीत मुले घरी जातात, तेव्हा आपल्याकडे कापूस वेचणीचे दिवस असतात. आईवडील शेतात आणि मोबाइल मुलाच्या हातात. तेथे फायरवॉल नसते. दहा महिने ज्याला केवळ बंद दारेच दाखवली, तो त्या तीन आठवड्यांत काय करील? दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात 'प्रसारमाध्यमे आणि इतिहास' हे स्वतंत्र प्रकरण आहे. माध्यमांतील माहिती तपासूनच स्वीकारावी, हे आपण त्या तासाला शिकवतो. लेखक कोण, आधार कोणता, लाभ कोणाचा, हे तीन प्रश्न जुन्या बखरीला विचारायचे तसेच व्हॉट्सॲपवरील संदेशालाही विचारायचे. परंतु तपासण्यासाठी विद्यार्थ्यापुढे काही असावे लागते. पूर्णपणे गाळलेल्या पाण्यात पोहायला शिकता येत नाही असे नाही. मात्र नदीचा अंदाज नदीतच येतो, आणि तेव्हा शेजारी कोणी जाणता असावा लागतो.

शेवटी प्रमाणाचे भान ठेवावे. केंद्र शासनाच्या 'यूडायस प्लस' २०२३-२४ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशातील ५३.९ टक्के शाळांतच इंटरनेट होते. जवळपास निम्म्या शाळांतील मुलांसाठी तेव्हा सारीच संकेतस्थळे बंद होती आणि त्याचे कारण फिल्टर नसून दारिद्र्य व उपेक्षा होते. ज्या शाळांत समाजाच्या वर्गणीतून, माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून संगणक आले, त्यांवर म्हणूनच अधिक जबाबदारी येते. देणगी देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना एक नम्र सूचना आहे : संगणक किती घेतले हे अवश्य विचारा, पण त्यांवर काय बंद आहे आणि का, याची नोंदवहीही पाहायला मागा. पालकांनीही पुढच्या पालकसभेत हाच प्रश्न विचारावा. ती नोंदवही अद्याप नसेल, तर पहिल्या पानावर तारीख घालून ती त्याच सभेत सुरू करता येईल.